‘सर्वांसाठी आरोग्यसेवा’ म्हणजे नेमके काय, हे कसे तपासावे

नागपूरच्या मेडिकल चौकात सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडून आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडून आलेली माणसे रुग्णालयाच्या फाटकाकडे जाताना दिसतात. बहुतेकांच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी असते आणि तिच्यात केस पेपर, एक्स-रे, रेशन कार्डाच्या झेरॉक्स व आधार कार्ड असे सगळे जपून ठेवलेले असते. अशा रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांच्या कामात मदत करणाऱ्या एका छोट्या गटात मी काही वर्षांपासून काम करतो. या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ‘सर्वांसाठी आरोग्यसेवा’ हे शब्द मंत्री, अर्थतज्ज्ञ, डॉक्टर आणि रुग्णाची आई असे सगळेच उच्चारतात, परंतु प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा असतो, आणि हा फरक आधी स्पष्ट न केल्यामुळे सभेतल्या, वर्तमानपत्रातल्या आणि घरातल्याही कितीतरी चर्चा वाया जातात.

ज्यांना ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत आरोग्याचा प्रश्न मांडायचा आहे, लोकप्रतिनिधीला निवेदन द्यायचे आहे, महाविद्यालयात या विषयावर लिहायचे आहे किंवा एखाद्या नव्या योजनेची घोषणा समजून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. भारतात, थायलंडमध्ये, ब्राझीलमध्ये किंवा घानामध्ये कोणी ‘आम्ही सर्वांना आरोग्यसेवा दिली’ असे म्हटले, तर तो दावा कसा तपासावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

आधी नाम शोधावे

घोषणा, जाहीरनामा किंवा शासन निर्णय हातात आला की पहिले काम पेन्सिल घेऊन करायचे. ‘सर्वांसाठी’ या शब्दापुढे कोणते नाम आले आहे, ते अधोरेखित करावे. तेथे ‘आरोग्य’ आहे, ‘आरोग्यसेवा’ आहे, ‘आरोग्य संरक्षण’ आहे, ‘विमा कवच’ आहे, की ‘आरोग्याचा हक्क’ आहे? हे पाच शब्द एकाच अर्थाचे नाहीत. आरोग्य म्हटले की पिण्याचे पाणी, पोटभर अन्न, सांडपाण्याची सोय हे सारे त्यात येते. आरोग्यसेवा म्हटले की दवाखाना, परिचारिका, औषध आणि तपासणी येते. संरक्षण किंवा कवच म्हटले की मुख्य विचार खर्चाचा असतो, म्हणजे उपचाराचे बिल कोण भरणार याचा. आणि हक्क म्हटले की सेवा नाकारली गेल्यास दाद कोठे मागायची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

हे शब्द एकामागून एक कसे आले हे माहीत असेल, तर घोषणेमागचा विचार लवकर ओळखता येतो, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही पुरेशी वैद्यकीय सेवा नाकारली जाऊ नये, हे त्या अहवालाचे पायाभूत तत्त्व होते, आणि आज आपण ज्यांना प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्यांची कल्पनाही त्यातूनच पुढे आली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची घटना तयार झाली आणि तिने शक्य तितके उत्तम आरोग्य हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क मानला. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट जाहीर झाले. तिथला ‘आरोग्य’ हा शब्द अतिशय व्यापक होता. अन्न, पाणी, स्वच्छता, माता-बालसंगोपन, स्थानिक आजारांवर नियंत्रण, आवश्यक औषधे आणि या साऱ्यांत गावकऱ्यांचा सहभाग, हे सगळे त्यात धरलेले होते.

हा अर्थ फार काळ टिकला नाही. गरीब देशांना एवढे सारे एकदम परवडणार नाही, तेव्हा कमी खर्चात जास्त जीव वाचवणारी निवडक कामे आधी करावीत, असा विचार १९७९ पासून जोर धरू लागला, आणि बालकांची वाढ मोजणे, जलसंजीवनी, स्तनपान व लसीकरण या चार गोष्टींवर युनिसेफने १९८० च्या दशकात भर दिला. या कामांनी असंख्य मुले वाचली, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला किंवा रक्तदाब वाढलेल्या म्हाताऱ्याला त्या यादीत जागा नव्हती. १९८७ साली जागतिक बँकेने विकसनशील देशांतील सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे अशी शिफारस केली, आणि १९९३ च्या जागतिक विकास अहवालात सरकारने सर्वांना आवश्यक सेवांचे एक ठरावीक ‘पॅकेज’ द्यावे असा आग्रह धरला. आज आपल्या रुग्णालयात ‘हे पॅकेजमध्ये आहे का’ असे आपण सहज विचारतो. तो शब्द या वाटेने आपल्यापर्यंत आला आहे. त्यानंतर २०१० चा जागतिक आरोग्य अहवाल आला, १२ डिसेंबर २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ३.८ क्रमांकाच्या लक्ष्याने ‘सार्वत्रिक आरोग्य संरक्षण’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. ‘आरोग्य’ मागे राहून ‘संरक्षण’ पुढे आले, ते असे.

माझे मत विचाराल, तर संरक्षण हा शब्द वाईट नाही; आजारपणात कर्ज होऊ नये ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्याने सेवेची जागा घेऊ नये. बिल भरण्याची हमी आहे आणि तीस किलोमीटरच्या आत डॉक्टर नाही, अशा गावात ती हमी कपाटातच राहते.

तीन प्रश्न, आणि त्यांना जोडून चौथा

२०१० च्या अहवालात एक साधी आकृती होती. एका घनाच्या तीन बाजू कल्पाव्यात. एका बाजूवर किती लोक योजनेत आले हे मोजायचे, दुसरीवर कोणत्या सेवा मिळतात हे, आणि तिसरीवर खर्चाचा किती भाग रुग्णाच्या खिशातून जात नाही हे. कोणत्याही देशात घनाचा काही भागच भरलेला असतो. तो देश घन कोणत्या बाजूने भरत आहे, हे आपण पाहायचे. हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवावेत: कोण, काय, किती.

आपल्या राज्यावर हे लावून पाहू. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. त्या काळी पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळत होते. पुढे शुभ्र कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही योजना लागू झाली, पण फक्त मराठवाड्यातल्या आणि पश्चिम विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत. वर्धा जिल्हा त्या यादीत होता, नागपूर नव्हता. म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जाताना बुटीबोरीपुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेच शुभ्र कार्ड उपयोगी ठरत असे आणि हद्दीच्या नागपूरकडच्या बाजूला नाही. ‘कोण’ हा प्रश्न किती काटेकोरपणे विचारावा लागतो, हे समजण्यासाठी मी नवीन कार्यकर्त्यांना हेच उदाहरण देतो. २०२३ च्या निर्णयाने ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आणि मर्यादा पाच लाखांवर नेण्यात आली. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली तेव्हा ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या आधारे निवडलेल्या सुमारे १०.७४ कोटी कुटुंबांपुरती होती; ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता तिचा लाभ मिळू लागला. ‘कोण’ या बाजूने घन वेगाने भरला आहे, हे निर्विवाद आहे.

आता ‘काय’ विचारावे. या दोन्ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहेत. ठरलेल्या उपचारांची यादी आहे, प्रत्येकाचा दर ठरलेला आहे, आणि केंद्रीय योजनेत भरतीपूर्वीचे ३ दिवस व सुट्टीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. यादीत नसलेल्या उपचाराबाबत रुग्णालयातले योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, जे वाक्य सांगतात ते प्रत्येक नातेवाइकाला पाठ असते: ‘हे योजनेत बसत नाही.’

येथे चौथा प्रश्न विचारावा, जो त्या आकृतीत वेगळा दाखवलेला नाही आणि जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: खाटेवर येण्यापूर्वी काय, आणि खाटेवरून उठल्यानंतर काय? हा प्रश्न मला एका आईने शिकवला. तिच्या मुलीला सिकलसेल आहे. विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या पट्ट्यात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्यात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेतली तर हे झटके कमी होतात. गोळी खंडित झाली की मुलीला पुन्हा भरती करावे लागते. गावाजवळच्या केंद्रात गोळ्या संपल्या होत्या, म्हणून त्या दोन महिने बाहेरून विकत घ्याव्या लागल्या, नंतर पैसे संपले, आणि मुलगी तिसऱ्यांदा नागपूरला आली. आई म्हणाली, ‘भरती राहते तवा पैसा नाही लागत जी, दादा. सुट्टी झाली का मंग लागते.’ योजनेच्या हिशेबात त्या मुलीचे तीन यशस्वी उपचार नोंदले गेले असतील. आईच्या हिशेबात तीन वेळा मजुरी बुडाली आणि मुलीचे वर्ष वाया गेले. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य आहे. ते योग्यच आहे, पण तपासणीनंतरची गोळी दर महिन्याला कोणत्या खिडकीवर मिळणार, हे प्रत्येक गावात विचारले पाहिजे.

‘किती’ या प्रश्नाचे उत्तर तर एकाच शहरातही बदलते. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. परंतु वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयीन रुग्णालयांचा त्या निर्णयात समावेश नव्हता. नागपुरात डागा स्त्री रुग्णालय पहिल्या विभागाकडे आहे, तर मेडिकल आणि मेयो ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्याकडे. मिहानमधील एम्स केंद्राची संस्था आहे, आणि आपल्या घराजवळचा दवाखाना बहुधा महानगरपालिकेचा असतो. खेड्यातून आलेल्या माणसाच्या दृष्टीने हे सारे ‘सरकारी’च असते. म्हणून कोणतीही घोषणा वाचताना ती कोणत्या विभागाने काढली आहे हे वरच्या ओळीत पाहावे, आणि आपल्याला जायचे आहे ते रुग्णालय त्या विभागाकडे आहे का, याची खात्री करून मगच नातेवाइकाला पाठवावे.

पैसा कोठून येतो, याचा मागोवा

विकसनशील देशांत मतभेदाचे मूळ बहुतेक वेळा येथे असते, म्हणून या पायरीला वेळ द्यावा. पैसा येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: सर्वसाधारण कर, पगारातून कापलेली वर्गणी, लोकांनी स्वेच्छेने भरलेला हप्ता, आणि आजारी पडल्यावर खिशातून दिलेले पैसे. शेवटची वाट सर्वांत अन्यायाची असते, कारण तीत आजाऱ्यावरच आजाराचा भार पडतो.

थायलंडने २००२ साली ज्यांना सरकारी नोकरांची किंवा कामगारांची योजना लागू नव्हती अशा सर्वांना, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना, करांच्या पैशातून एका योजनेत आणले. रुग्णाने प्रत्येक भेटीला ३० बाथ द्यायचे, म्हणून ती ‘३० बाथ योजना’ या नावाने ओळखली गेली. तिची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. प्रत्येक माणसाचे नाव त्याच्या घराजवळच्या केंद्राशी जोडलेले असते, बाह्यरुग्ण सेवेसाठी त्या केंद्राला नोंदलेल्या माणशी ठरावीक रक्कम मिळते, आणि पुढच्या रुग्णालयात तेथूनच रेफर केले जाते. रक्तदाबाची गोळी आणि हृदयाची शस्त्रक्रिया एकाच योजनेत आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिस सुरुवातीला नव्हते. २००८ मध्ये तेही आले. औषधांच्या किमती आवाक्यात आणण्यासाठी थायलंडने २००६ व २००७ मध्ये एचआयव्हीच्या व हृदयविकाराच्या औषधांवर सक्तीचे परवानेही काढले, म्हणजे पेटंट असलेल्या कंपनीच्या संमतीशिवाय तेच औषध स्वस्तात मिळवण्याची परवानगी दिली. मात्र थायलंडचे नाव घेऊन ‘आपणही एका वर्षात करू’ असे कोणी म्हटले, तर त्यांना आठवण करून द्यावी, की २००२ पूर्वी कित्येक दशके त्या देशाने जिल्हा रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा करणे बंधनकारक केले होते. योजना कागदावर आली तेव्हा दवाखाना आधीच उभा होता.

घानाने २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू केला आणि त्यासाठी मूल्यवर्धित कराबरोबर २.५ टक्के आरोग्य अधिभार लावला. गरिबांना हप्त्यातून सूट आहे, तरीही सदस्यत्वाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागत असल्यामुळे अनेकांची नावे गळतात. रवांडात गावपातळीवरच्या आरोग्य निधीत कुटुंबाच्या आर्थिक गटानुसार वर्गणी ठरते आणि अत्यंत गरिबांची वर्गणी भरली जाते. हे ऐकून नवल वाटत असेल, तर नागपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर सेवाग्रामला जावे. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा चालवला आणि त्याची वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली. सुगीला, म्हणजे घरात धान्य असते तेव्हा, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी गोळा व्हायची, आणि गावातल्या बहुसंख्य कुटुंबांनी सहभागी व्हावे अशी अट होती, कारण फक्त आजारी माणसांनीच वर्गणी भरली तर कोणताही निधी टिकत नाही. विम्याचे संपूर्ण गणित त्या अटीत आहे. निरोगी आणि आजारी, सधन आणि निर्धन एकाच कोठारात धान्य टाकतात की वेगवेगळ्या, हा प्रश्न कोणत्याही देशाच्या योजनेला विचारता येतो.

आपल्याकडे नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने २०११ साली स्पष्ट शब्दांत सांगितले होते, की सार्वत्रिक आरोग्यसेवेचा पैसा प्रामुख्याने सर्वसाधारण करांतून यावा, रुग्णांकडून शुल्क घेऊ नये, विमा कंपन्यांना मध्यस्थ करू नये, आणि आरोग्यावरील खर्चाचा किमान ७० टक्के भाग प्राथमिक सेवेवर व्हावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे ठरवले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता. आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना प्रश्न विचारताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

नकार कोण देतो आणि दाद कोण घेतो

ज्या योजनेत नकार देणाऱ्याला लेखी कारण द्यावे लागत नाही, तिला मी हक्क म्हणत नाही. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेतील १९६ वे कलम आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य आहे असे सांगते, आणि त्यावर उभी असलेली सार्वजनिक व्यवस्था देशात असलेल्या प्रत्येकासाठी खुली आहे. तेथे औषध मिळाले नाही म्हणून हजारो लोक न्यायालयात जातात. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे: वकील करू शकणारा आधी न्याय मिळवतो आणि महागड्या औषधावर झालेला खर्च इतर कशातून तरी कापला जातो. श्रीलंकेत असा न्यायालयीन मार्ग फारसा वापरला जात नाही. तेथे अनेक दशकांपासून सरकारी रुग्णालयात मोफत उपचार हा लोकांच्या अपेक्षेचाच भाग झाला आहे आणि तो काढून घेणे कोणत्याही सरकारला सोपे नाही. सवयीने रुजलेला हक्कही बळकट असू शकतो.

आपल्या राज्यघटनेत आरोग्याचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील खेतमजूर संघटनेच्या खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा २१ व्या कलमाचा भंग ठरवला. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे. ही सोय अनेकांना माहीतच नसते, म्हणून खासगी वाटणारे मोठे रुग्णालय धर्मादाय म्हणून नोंदलेले आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या यादीत आधी पाहावे. एका रुग्णालयात आम्हाला ‘खाट रिकामी नाही’ असे तीन दिवस तोंडी सांगण्यात आले. चौथ्या दिवशी लेखी उत्तर मागितल्यावर खाट मिळाली. तेव्हापासून आम्ही पहिल्याच दिवशी अर्ज लेखी देतो आणि पोच घेतो.

आकडे वाचताना

शाश्वत विकासाच्या ३.८ या लक्ष्यासाठी दोन मोजमापे वापरली जातात: आवश्यक सेवा किती पोचल्या याचा ० ते १०० असा निर्देशांक, आणि आरोग्यावर आवाक्याबाहेर खर्च करावा लागलेल्या लोकांचे प्रमाण (२०२५ पर्यंत उत्पन्नाच्या किंवा एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम ही त्याची कसोटी होती). २०२१ साली जगाचा निर्देशांक ६८ होता, आणि सुमारे ४५० कोटी लोकांना आवश्यक सेवा पुरेशा मिळत नव्हत्या. भारतात एकूण आरोग्य खर्चातला खिशातून होणारा भाग २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही घट स्वागतार्ह आहे. तरी अशा आकड्यांना एक प्रश्न नेहमी विचारावा: जो दवाखान्यात गेलाच नाही, तो या हिशेबात कोठे आहे? पैसे नाहीत म्हणून घरीच बसलेल्या माणसाचा आरोग्यावरील खर्च शून्य असतो, आणि तो शून्य मोजमापात चांगलाच दिसतो. बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण व मुक्काम यांनाही बहुतेक हिशेबात जागा नसते. गडचिरोलीच्या कुटुंबाला नागपुरात आठ दिवस राहावे लागले, तर पुष्कळदा याच गोष्टी औषधांपेक्षा जड होतात.

योजनेचे नाव बदलते तेव्हा तर विशेष सावध राहावे. मेक्सिकोने २००४ पासून असंघटित लोकांसाठी ‘सेगुरो पॉप्युलार’ चालवले. त्यात सेवांची निश्चित यादी होती. २०२० मध्ये ते बंद करून यादीऐवजी सर्वांना सर्व उपचार देण्याचे आश्वासन देणारी नवी संस्था आली, आणि २०२३ मध्ये तीही विसर्जित झाली. तेथील सरकारी मूल्यमापन संस्थेच्या मोजणीनुसार आरोग्यसेवा उपलब्ध नसलेल्या लोकांचे प्रमाण २०१८ मधील १६.२ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ३९.१ टक्क्यांवर गेले. आश्वासन मोठे झाले असताना पोच कमी झाली. म्हणून नव्या योजनेचे स्वागत करताना जुन्या योजनेत चालू असलेल्या उपचारांचे काय होणार, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे.

एका आजाराचा कागद

आता हे सारे प्रत्यक्ष करण्याची पद्धत सांगतो. सर्व आजारांचा विचार एकदम करू नये. आपल्या वस्तीत किंवा गावात नेहमी दिसणारा एकच आजार निवडावा: सिकलसेल, मधुमेह, बाळंतपण, क्षयरोग किंवा सर्पदंश. मग एका साध्या कागदावर त्या आजाराच्या रुग्णाला वर्षभरात ज्या ज्या पायऱ्यांवरून जावे लागते त्या एकाखाली एक लिहाव्यात. पहिली शंका कोणाला आली, आशाताईला की शेजाऱ्याला; तपासणी कोठे झाली; अहवाल किती दिवसांनी मिळाला; औषध कोठून आले; रेफर कोणी केले; नागपूरपर्यंतचे वाहन कोणाचे होते; भरती किती दिवस झाली; सुट्टीनंतरची औषधे कोणी दिली; पुन्हा दाखवायला कोण घेऊन आले. प्रत्येक पायरीसमोर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात ही पायरी कोणत्या योजनेत किंवा निर्णयात बसते ते लिहावे, दुसऱ्यात कुटुंबाने प्रत्यक्षात किती पैसे व किती दिवस घालवले ते, आणि तिसऱ्यात ही पायरी चुकली तर उत्तर देण्यास बांधील असलेल्या अधिकाऱ्याचे पद. नाव लिहू नये, पद लिहावे, कारण माणसे बदलतात.

हा कागद रुग्णाच्या घरी बसून, शक्यतो जी बाई रुग्णाची देखभाल करते तिला विचारून भरावा. पुरुष मंडळी वाहनभाडे बरोबर सांगतात, परंतु गोळी कोणत्या दिवशी संपली हे तिलाच ठाऊक असते. रुग्णाचे नाव कागदावर कधीही लिहू नये, आणि सिकलसेल, क्षयरोग किंवा एचआयव्हीसारख्या आजारांत तर गावाचे नावही गाळावे, कारण अशा कागदामुळे एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. रकमेबाबत पावती असेल तर तसे लिहावे आणि आठवणीतून सांगितली असेल तर तसे. असे पाच-सहा कागद जमले, की ते एकमेकांशेजारी ठेवून कोणता रकाना पुन्हा पुन्हा रिकामा राहतो ते पाहावे.

आम्ही सिकलसेलचे असे सात कागद केले. भरतीची पायरी सातही कागदांत योजनेत बसत होती. ‘सुट्टीनंतरची गोळी’ या पायरीसमोर पहिला रकाना पाच कागदांत रिकामा होता, आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे हे ठरवण्यासाठी आम्हाला तीन कार्यालयांत जावे लागले. ग्रामसभेत आम्ही योजनेवर भाषण केले नाही. ती एकच ओळ वाचून दाखवली आणि उपकेंद्रात दर महिन्याला किती रुग्णांसाठी किती गोळ्या मागवल्या जातात व त्या कोणत्या तारखेला येतात, याची माहिती फलकावर लावावी असा ठराव मांडला. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला दिली, दोन्हीकडून पोच घेतली.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालण्यास विसरू नये. शासन निर्णय बदलतात, उपचारांच्या याद्या बदलतात, यादीतली रुग्णालये कमी-जास्त होतात. म्हणून दर सहा महिन्यांनी त्याच घरी जाऊन तोच कागद नव्याने भरावा आणि जुना त्याच्या मागे टाचून ठेवावा.